लॅक्स्टनची शेती ‘सामुदायिक’ नव्हे

मा. संपादक,

स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत इंग्लंडमधील लहान गावांविषयीचा लेख वाचला. नॉटिंगहॅमशायरमधील लॅक्स्टन या गावाला त्यात एक परिच्छेद मिळाला आहे. गेली वीस वर्षे मी नॉटिंगहॅम शहरात राहतो आणि या गावी माझे बरेच जाणे-येणे झाले आहे, म्हणून हे पत्र. लेखात लॅक्स्टनचे वर्णन ‘सामुदायिक शेती करणारे, मध्ययुगात थांबलेले गाव’ असे केले असून परंपरेवरील प्रेमामुळे ते टिकले, असा निष्कर्ष काढला आहे. यातले एकही विधान खरे नाही. गावाबद्दल प्रेमाने लिहिल्यामुळे लेखकाचे आभार मानतो आणि मग हरकत घेतो.

आधी गावाची जागा सांगतो, कारण बरेचसे उत्तर त्या मातीतच आहे. नेवार्क या बाजारगावाच्या वायव्येस सुमारे दहा मैलांवर, एका बुटक्या टेकाडाच्या माथ्यावर हे गाव वसले आहे. पश्चिमेला ऑलर्टनच्या बाजूने शेरवुडची जमीन लागते. ती रेताड, हलकी आणि पाणी न धरणारी असल्यामुळे शेतीला फारशी उपयोगी नव्हती. सरदार घराण्यांनी तिथे मोठमोठी उपवने राखली आणि एकाला लागून एक इतके ड्यूक तिथे नांदले की त्या पट्ट्याला आजही ‘ड्यूकरीज’ म्हणतात. पूर्वेला ट्रेंट नदीचे सखल खोरे आहे. या दोहोंच्या मध्ये लॅक्स्टनची तांबूस, चिकण, भारी जमीन पसरली आहे. पावसाळी दिवसांत ती बुटाला अशी धरते की पाऊल उचलावे तर बूट मागे राहतो. कोरड्या उन्हाळ्यात तिची ढेकळे विटांसारखी होतात. अशी जमीन नांगरायला पूर्वी बैलांच्या अनेक जोड्या लागत, आणि एवढे बैल एकट्या कुळाकडे क्वचितच असत. टेकाडाच्या उतारावरून उतरणारे ओहोळ, त्यांच्याकाठची ओलसर गवताची पट्टी आणि मधली नांगरटीची जमीन, एवढाच काय तो भूगोल. डोंगर नाही, मोठी नदी नाही, नजरेत भरणारे काही नाही.

गावात शिरल्यावर मात्र एक गोष्ट डोळ्यांत भरते. मुख्य रस्त्याच्या दोन्ही अंगांना लाल विटांची शेतघरे आणि धान्याची कोठारे आहेत आणि त्यांतली बरीचशी रस्त्याला पाठ किंवा कूस करून उभी आहेत. घराच्या आडभिंतीचा त्रिकोण रस्त्याकडे असतो, मागे अंगण, गोठे, आणि त्यांच्याही मागे लांबलचक अरुंद परसू. इंग्लंडच्या बहुतेक खेड्यांत शेतकऱ्याचे घर त्याच्या शेतात, कुंपणांच्या मधोमध, गावापासून दूर असते. इथे ते गावात आहे. कारण साधे आहे. ज्याची जमीन एका ठिकाणी नाही, त्याने घर बांधायचे तरी कोणत्या तुकड्यात? लॅक्स्टनच्या शेतकऱ्याची जमीन तीन मोठ्या शेतांत पट्ट्यापट्ट्यांनी विखुरलेली असते. वेस्ट फील्ड, मिल फील्ड आणि साउथ फील्ड ही त्या तीन शेतांची नावे. तिन्ही मिळून जेमतेम पाचशे एकर भरतील. आत एकही कुंपण नाही, एकही झाडांची वई नाही. एका पट्ट्याचा गहू संपून दुसऱ्याचा कुठे सुरू होतो, हे नवख्याला कळत नाही, शेतकऱ्याला अचूक कळते.

आता ‘सामुदायिक’ या शब्दाकडे येतो. पट्टा ज्याच्याकडे कसायला आहे, बियाणे त्याचे, मशागत त्याची, पीक त्याचे आणि तोटा झाला तर तोही त्याचाच. कोणी कोणाच्या पट्ट्यात राबत नाही आणि कापणीनंतर धान्याची वाटणीही होत नाही. सामाईक आहे ते वेळापत्रक. तीन शेतांपैकी एकात हिवाळी गहू, दुसऱ्यात वसंतात पेरायचे पीक आणि तिसरे पड, असा तीन वर्षांचा फेरपालट ठरलेला असतो आणि तो पट्ट्याला लागू नसून संपूर्ण शेताला लागू असतो. मला यंदा पडीच्या शेतात गहू घ्यावासा वाटला तरी घेता येत नाही. पूर्वी याचे कारण जनावरे हे होते. कापणी झाली की धसकटांवर आणि पडीवर साऱ्या गावाची गुरेमेंढरे सोडली जात, आणि तिथे मधेच कोणाचे उभे पीक असते तर रोज भांडण झाले असते. जनावरांच्या लेंड्यांनी जमिनीला खतही मिळे. म्हणजे मालकी ज्याची त्याची आणि शिस्त मात्र सगळ्यांची. या दोन गोष्टींत फरक न केल्यामुळे लेखात लॅक्स्टन जणू एखाद्या सहकारी प्रयोगासारखे उभे राहते, आणि वाचकाचा सगळाच समज चुकतो.

‘मालकी’ हा शब्द मी वर सैल अर्थाने वापरला, तोही दुरुस्त करतो. लॅक्स्टनचे बहुतेक शेतकरी कुळे आहेत. १०८६ च्या ‘डोम्सडे’ या शाही जमीनपाहणीत या गावाची नोंद आहे. टोकी नावाच्या धन्याकडे असलेली ही जमीन नॉर्मन विजयानंतर जॉफ्री अल्सलिन याच्या हाती गेल्याचे त्यातून दिसते. गावाच्या उत्तरेला मातीचा मोठा उंचवटा आणि त्याभोवतीचे खंदक आजही शाबूत आहेत. तो नॉर्मन काळातला किल्ला. वर दगड-विटांचे काहीही उरलेले नाही, मेंढ्या चरत असतात. शेरवुडच्या राजवनाची रखवाली वंशपरंपरेने सांभाळणारी घराणी इथे राहत असत. त्यांपैकी एव्हरिंगहॅम घराण्यातील माणसांच्या पहुडलेल्या प्रतिमा गावच्या सेंट मायकेल चर्चमध्ये आहेत, त्यांतली एका स्त्रीची प्रतिमा दगडाची नसून ओकच्या लाकडाची आहे. चर्चविषयी लेखात पुष्कळ लिहिले आहे, म्हणून मी इथेच थांबतो.

गावाच्या इतिहासातली सर्वांत मोलाची वस्तू मात्र गावात नाही, ती ऑक्सफर्डच्या बॉडलियन ग्रंथालयात आहे. सतराव्या शतकात लॅक्स्टन सर विल्यम कोर्टीन या लंडनच्या धनाढ्य व्यापाऱ्याकडे होते. आपण विकत घेतलेल्या गावात नेमके काय काय आहे, हे कळावे म्हणून मोजणीदार मार्क पिअर्स याने १६३५ मध्ये संपूर्ण गावठाणाचा आणि शिवाराचा नकाशा तयार केला. प्रत्येक पट्टा त्यावर रेखलेला आहे आणि सोबतच्या नोंदवहीत तो कोणाकडे आहे, किती आहे, हे लिहिलेले आहे. कोऱ्या जागांमध्ये नांगरणारी, कापणी करणारी इवलीइवली माणसे चितारली आहेत. हा नकाशा सतराव्या शतकाचे सुंदर चित्र म्हणून पाहणारे पाहोत; कुळाला त्यातला सातबारा दिसेल. (कोर्टीनविषयी एक अवांतर, पण मराठी वाचकाला रस वाटावा असे: त्याच १६३५ मध्ये राजा पहिला चार्ल्स याने ईस्ट इंडिया कंपनीच्या मक्तेदारीला बगल देऊन कोर्टीनच्या भागीदारांना पूर्वेकडील व्यापाराची परवानगी दिली. त्यांची जहाजे १६३६ मध्ये गोव्याच्या दिशेने निघाली आणि त्याच वर्षी कोर्टीन वारला. लॅक्स्टन पुढे पिअरपॉइंट घराण्याकडे गेले.)

पट्ट्यांच्या आकाराबद्दलही दोन शब्द लिहिले पाहिजेत, कारण ते शब्द आपल्याकडेही रोजच्या वापरात होते. जुन्या मैलाच्या दगडांवरचा ‘फर्लांग’ म्हणजे मुळात अशा उघड्या शेतातल्या एका तासाची, म्हणजे नांगराच्या एका सरीची, लांबी: बैल दमून विसाव्याला थांबण्याआधी जेवढे अंतर नांगर ओढतील तेवढी, पुढे २२० यार्ड अशी पक्की ठरलेली. एक फर्लांग लांब आणि २२ यार्ड रुंद जमीन म्हणजे एक एकर. एका जोताने एका दिवसात नांगरावे एवढे क्षेत्र, अशी त्यामागची जुनी समजूत. लांबलचक बैलजोड्यांना टोकाशी एकदम वळता येत नसे, म्हणून टोकाकडे येता येता नांगर हळूहळू एका अंगाला नेत. त्यामुळे जुने पट्टे सरळ नसून किंचित नागमोडी झाले. बैल जाऊन शतके लोटली तरी मध्य इंग्लंडमधील कित्येक कुरणांत, सूर्य कलला की, ही नागमोडी वरंब्यासऱ्यांची जमीन सावल्यांतून उठून दिसते.

आता टिकण्याच्या कारणाकडे येतो. अशी उघडी शेते एके काळी मध्य इंग्लंडमध्ये गावोगाव होती. ती एकत्र करून, कुंपणे घालून, एकेका मालकाला सलग जमीन देण्याची मोहीम कित्येक शतके चालली. १६०४ ते १९१४ या काळात ब्रिटिश संसदेने यासाठी ५,२०० हून अधिक विधेयके संमत केली आणि त्यांखाली सुमारे ६८ लाख एकर जमीन आली, म्हणजे इंग्लंडच्या एकूण क्षेत्राच्या पाचव्या हिश्शाहून काहीसे अधिक. त्यात उत्पादन वाढले हे खरे आणि सरपणाचा, चराईचा हक्क गमावलेली गरीब माणसे देशोधडीला लागली हेही तितकेच खरे. लॅक्स्टन यातून सुटले ते कोणाच्या परंपराप्रेमामुळे नव्हे. गावात पिअरपॉइंट घराणे आणि अर्ल ऑफ स्कार्बरो असे दोन बडे जमीनदार होते आणि त्यांचे एकमत होईना. कुंपणबंदीला खर्चही अफाट येई. एकोणिसाव्या शतकात दुसऱ्याची जमीन विकत घेऊन पिअरपॉइंट घराण्याच्या अर्ल मॅन्व्हर्स यांचा मार्ग मोकळा झाला, तोवर शेतमालाचे भाव पडले आणि एवढा पैसा ओतण्यात अर्थ उरला नाही. दोन सावकारांच्या भांडणात कुळाचे फावावे, तसे हे झाले. शिवाय सगळेच टिकले असेही नाही. १६३५ च्या नकाशात चार मोठी शेते आहेत. चौथे, म्हणजे ईस्ट फील्ड, पुढे गेले. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मालकाने बारीक पट्टे जोडून मोठे केले. जिथे पूर्वी हजारोंनी पट्टे होते तिथे आज दोनशेसुद्धा नाहीत.

म्हणून ‘मध्ययुगात थांबलेले’ या शब्दांनाही माझी हरकत आहे. या पट्ट्यांतून आज मोठे ट्रॅक्टर आणि मळणीयंत्रे फिरतात. पट्टे रुंद केले गेले नसते तर ती वळलीच नसती. शेजारच्या एकरिंग गावात १९३९ मध्ये जमिनीखाली खनिज तेल सापडले आणि महायुद्धाच्या ऐन धामधुमीत, १९४३ मध्ये, अमेरिकेतून खास कामगार आणून तिथे विहिरी खोदल्या गेल्या. गावाचे मालकही बदलत राहिले. १९५२ मध्ये सहाव्या अर्ल मॅन्व्हर्स यांनी, ही पद्धत टिकावी या हेतूने, ही जमीन सरकारच्या शेती मंत्रालयाला विकली. १९८१ मध्ये ती राजसत्तेच्या मिळकती सांभाळणाऱ्या ‘क्राउन इस्टेट’कडे गेली आणि २०२० मध्ये तिथून थोर्सबी इस्टेटकडे, म्हणजे पिअरपॉइंट वारशाच्याच घराण्याकडे, परत आली. परंपरेवरचे प्रेम या गोष्टीत शिरते ते १९५२ च्या सुमारास, तोवर या शेतांनी आपली शेकडो वर्षे काढली होती.

प्रेमापेक्षा इथे जास्त काम करते ती गावची पंचायत. तिला ‘कोर्ट लीट’ म्हणतात. लेखात तिचा उल्लेख ‘गमतीदार प्रथा’ असा एका ओळीत उरकला आहे, याचे मला सर्वांत वाईट वाटले. १९७७ च्या कायद्याने देशभरातील उरल्यासुरल्या कोर्ट लीटचे न्यायाधिकार काढून घेतले, त्यातून वगळले गेले ते लॅक्स्टन. दरवर्षी बारा पंच नेमले जातात. नोव्हेंबरच्या अखेरीस ते गव्हाच्या शेताची पाहणी करतात आणि पुढच्या आठवड्यात ‘डव्हकोट इन’ या गावातल्या पबमध्ये कोर्ट भरते. जमीनमालकाचा कारभारी अध्यक्षस्थानी असतो, हजेरी होते, दंड ठरतात, पुढच्या वर्षीच्या पंचांना शपथ दिली जाते. गावात भटक्या जनावरांसाठी कोंडवाडा आहे आणि त्याचा रखवालदारही एके काळी हेच कोर्ट नेमत असे.

ही पाहणी मी एकदा शेतकऱ्यांच्या परवानगीने मागे मागे चालून पाहिली आहे. थंडी मरणाची होती. पंच ट्रॅक्टरच्या मागे जोडलेल्या गाडीत बसून आले होते, गाडीत लाकडी खुंट्यांचा भारा होता. एका पट्ट्याच्या टोकाशी सगळे उतरले. एक जण तासाच्या रेषेत गुडघा टेकून एक डोळा मिटून पलीकडच्या टोकाकडे बघत होता, दुसरा त्याच्या इशाऱ्याप्रमाणे काठी डावी-उजवीकडे सरकवत होता. जागा पक्की झाल्यावर बोटाने माती उकरून जुनी कुजलेली खुंटी सापडते का, ते पाहिले गेले. सापडली. ती नव्या जागेपासून वीतभर आत होती. ज्याचा तो पट्टा, तो पंचांतच उभा होता. कोणी काही बोलले नाही, त्याने स्वतःच हातोडा घेतला आणि नवी खुंटी जुनीच्या जागी ठोकली. पुढे रस्त्याच्या कडेला एकाने नांगर गवतात दोन सऱ्या आत घातलेला आढळला. आपल्याकडे ज्याला बांध कोरणे म्हणतात, ते हेच. त्याची नोंद वहीत झाली आणि दंडाचा आकडा तिथल्या तिथे ठरला. चार-दोन पौंडांची बाब होती. पण आठवड्याने तो भरल्या पबमध्ये शेजाऱ्यांसमोर मोजून द्यायचा होता आणि पुढच्या वर्षी कदाचित त्याच माणसाला पंच म्हणून दुसऱ्याच्या खुंट्या तपासायच्या होत्या. हद्दीच्या तंट्यात वकिलाकडे न जाता शेकडो वर्षे काम कसे चालते, हे मला त्या सकाळी समजले. यात गंमत आहे असे म्हणणाऱ्याने त्या चिखलात तीन तास उभे राहून दाखवावे.

याचा अर्थ तिथे सारे आलबेल आहे, असे मी सुचवत नाही. गाव आणि शेजारचे मूरहाउस मिळूनही वस्ती लहानच. शेतकरी मूठभर. केवळ या पट्ट्यांच्या उत्पन्नावर कोणाचे घर चालत नाही, बाहेरच्या सलग जमिनी कसाव्या लागतात. पट्टे कसायचे तर त्यासोबत पाहणीचे, कोर्टाचे आणि फेरपालटाचे बंधन येते. तरुण पिढीने हे बंधन कशासाठी मानावे, हा प्रश्न गावातच विचारला जातो. माझ्या मते गावाचा खरा धोका इथे आहे. इमारती जपणे सोपे, त्यांना छप्पर घालता येते. फेरपालट मात्र दरवर्षी कोणीतरी नांगर घेऊन पाळावाच लागतो, नाहीतर तो तीन वर्षांत संपतो. आपल्या लेखात दगडी कमानी आणि फुलांच्या परड्या यांना जेवढी जागा मिळाली, तिच्या चौथ्या हिश्शाएवढी या प्रश्नाला मिळायला हवी होती.

शेवटची दुरुस्ती छायाचित्राखालच्या ओळीची. ‘शेतांमधील पडीक गवताळ माळ’ अशी ओळ आपण छापली आहे. छायाचित्रातली जमीन पडीक नाही. नांगर फिरवायला जास्त ओलसर किंवा उताराच्या असलेल्या अशा पट्ट्यांना लॅक्स्टनमध्ये ‘साइक’ म्हणतात. त्यांना कधीही नांगर लागलेला नसल्याने तिथे जुन्या कुरणांतली रानफुले टिकून आहेत आणि त्याच कारणासाठी त्यांना सरकारी संरक्षण आहे. दर उन्हाळ्यात त्यांवरच्या गवताचा शेतकऱ्यांमध्ये लिलाव होतो. हे मला ठाऊक असण्याचे कारण फारसे अभिमानाचे नाही. पहिल्यांदा गेलो तेव्हा, जून महिन्यात, अशीच मोकळी हिरवळ पाहून मी मोटार सरळ तिच्यावर नेऊन उभी केली होती. जवळच्या शेतातून एक वृद्ध शेतकरी सावकाश चालत आला, माझ्या गाडीच्या चाकांखाली दबलेल्या गवताकडे त्याने थोडा वेळ पाहिले आणि म्हणाला, ‘‘साहेब, हे पुढच्या आठवड्यात विकायचे आहे.’’

कळावे,

आपला नियमित वाचक,
नॉटिंगहॅम